नगरपालिकेचे अंदाजपत्रक आणि सभागृहाची सभ्यता

नगरसेवक होण्याच्या पुष्कळ आधीपासून माझी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाशी ओळख होती. ती वाचक म्हणून नव्हे, खिळे जुळवणारा म्हणून. तालुक्याच्या गावी एका छापखान्यात मी कंपोझिटर होतो आणि दरवर्षी फेब्रुवारीत पालिकेचे अंदाजपत्रक आमच्याकडे छापायला येई. शीर्षकांची लांबलचक यादी आणि तिच्यापुढे आकड्यांचे चार रकाने. काम किचकट, म्हणून मालक गेल्या वर्षीची जुळणी मोडू देत नसत. पाने दोऱ्याने बांधून फळीवर ठेवलेली असत. नव्या वर्षाची प्रत आली की आम्ही फक्त बदललेले आकडे काढून दुसरे बसवायचो. तीन-चार वर्षे हे केल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आस्थापनेचे आकडे दरवर्षी बदलत. वाहनखर्चाचा बदले, सत्कार-समारंभाचा बदले. 'मागासवर्गीय वस्तीत दिवाबत्ती व गटारे' या ओळीला मात्र आम्हाला कधी हात लावावा लागत नसे. तो आकडा होता तसा पुढच्या वर्षात जाई. ती ओळ माझ्या वस्तीची होती आणि वस्तीत दिव्याचा खांब एकच होता.

१९९६ च्या अखेरीस राखीव जागेवरून मी त्याच पालिकेत निवडून गेलो. 'क' वर्गाची नगरपरिषद, एकोणीस सदस्य. पहिल्याच अर्थसंकल्पीय सभेत मी विचारले, "या ओळीचा आकडा गेली दहा वर्षे बदलला नाही, तो का?" सभागृहात क्षणभर शांतता झाली. मग पीठासनावरून उत्तर आले, "नवीन आहेस. बस खाली. सभागृहाची काही सभ्यता असते." माझ्या आधी बोललेल्या सदस्याला 'शेठ' म्हटले गेले होते, त्याच्या आधीच्याला 'अण्णासाहेब'. मला 'तू'. आणि सभ्यतेचा धडा मलाच.

त्या एका वाक्याने मला पुढची कित्येक वर्षे विचार करायला लावले. पालिकेचा पैसा आणि पालिकेतले सौजन्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आपण मानतो. पैशाचे पाहायला लेखापाल आहे, मुख्याधिकारी आहे. सौजन्य हा संस्काराचा भाग आहे, असे आपल्याला शाळेत शिकवलेले असते. पण सभागृहात पाच वर्षे बसल्यावर माझे मत असे झाले की कोणाला कोणत्या शब्दाने हाक मारायची हे जिथे ठरते, त्याच ठिकाणी कोणाच्या गटारीला पैसे द्यायचे हेही ठरते. म्हणून प्रथम पैशाबद्दल लिहितो.

अंदाजपत्रक कसे वाचावे हे आपल्या कार्यकर्त्यांना कोणी शिकवत नाही. घटनेच्या कलमांवर शिबिरे होतात, अंदाजपत्रकावर होत नाहीत. वास्तविक ते फार अवघड नाही. चार रकान्यांपैकी एकात मागील वर्षी प्रत्यक्षात झालेली जमा किंवा खर्च असतो. दुसऱ्यात चालू वर्षाचा मूळ अंदाज, तिसऱ्यात सुधारित अंदाज, चौथ्यात येत्या वर्षाचा अंदाज. वर्तमानपत्रात बातमी येते ती चौथ्या रकान्याची: 'पालिकेचे अमुक कोटींचे शिलकी अंदाजपत्रक सादर'. चौथा रकाना म्हणजे इच्छा. प्रत्यक्षाचा रकाना म्हणजे हिशेब. इच्छेच्या रकान्यात आपल्या वस्तीला लाखो रुपये दिसतात, हिशेबाच्या रकान्यात काही हजार. जो कार्यकर्ता चौथा रकाना वाचून पेढे वाटतो त्याच्याविषयी मला राग नाही, कारण मीही एकदा वाटले आहेत.

शिलकी हा शब्दही तपासून घ्यावा. राज्याला किंवा केंद्राला तूट दाखवता येते, पालिकेला ती मुभा नाही. शासनाच्या परवानगीवाचून तिला कर्जही काढता येत नाही. जमा आणि खर्च यांचा मेळ बसलाच पाहिजे. तो बसत नसला तर काय करतात? खर्च कमी करण्याऐवजी जमा फुगवतात. घरपट्टीची वर्षानुवर्षांची थकबाकी यंदा संपूर्ण वसूल होईल असे गृहीत धरतात. गाळ्यांचे भाडे, विकास शुल्क, येणार येणार म्हणून न आलेले अनुदान, सारे जमेत धरतात. कागदावर शिल्लक तयार होते. मग वर्ष सुरू होते, आणि जमा होते त्याच्या निम्मीच. आता कात्री लावावी लागते. कोठे लावणार? पगार थांबवता येत नाही, वीजबिल थांबवता येत नाही, निवृत्तिवेतन थांबवता येत नाही. हा बांधील खर्च. ठेकेदाराचे चालू बिल थांबवता येते, पण ठेकेदार कोणाचा तरी मेव्हणा असतो. उरते काय? ज्या ओळीच्या मागे बोलणारा कोणी नाही ती ओळ. आपल्या वस्तीच्या विरोधात कोणी ठराव करत नाही. ठराव करण्याची गरजच पडत नाही. अंदाजपत्रकाच्या रचनेतच आपण शेवटी राहतो.

टक्केवारीचेही असेच. नागरी संस्थांनी आपल्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असे शासनाचे आदेश आहेत. महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठीही तशीच तरतूद करायची असते. आपले कार्यकर्ते '५ टक्के निधी द्या' असे निवेदन देतात, नगराध्यक्ष 'दिला' म्हणतात, आणि दोघेही खरे बोलत असतात. प्रश्न असा की ५ टक्के कशाचे? समजण्यासाठी आकडे धरू. समजा पालिकेचे स्वतःचे उत्पन्न ४ कोटी आहे. त्याचे ५ टक्के २० लाख. पण हिशेब करणाऱ्याने आधी आस्थापनेचे २ कोटी ६० लाख वजा केले, तर उरलेल्या १ कोटी ४० लाखांचे ५ टक्के होतात फक्त ७ लाख. कायदा मोडला नाही, कोणी शिवी दिली नाही, आवाजही चढला नाही. आणि १३ लाख गेले. पुढे सुधारित अंदाजात ७ चे ३ होतात. ते ३ लाखही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात समाजमंदिराच्या खुर्च्या, सतरंज्या आणि ध्वनिक्षेपक यांवर संपतात, कारण गटारीचे एस्टिमेट करायला अभियंत्याला वेळ मिळालेला नसतो. सतरंजीला एस्टिमेट लागत नाही. आपल्याकडे किती समाजमंदिरांत सतरंज्यांच्या थप्प्या आणि बाहेर उघडी गटारे आहेत, हे वाचकांनी आपापल्या गावी पाहावे.

आता उत्पन्नाकडे येतो. मी निवडून आलो तेव्हा पालिकेचा जीव जकातीवर होता. नाक्यावर गाडी थांबे, पावती फाटे, संध्याकाळी रोकड तिजोरीत. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात शासनाचे अनुदान सुरू झाले. महानगरपालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला. शेवटी १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईचीही जकात गेली, आणि भरपाईचा पहिला ६४७ कोटींचा धनादेश शासनाने मुंबई महानगरपालिकेच्या हाती समारंभपूर्वक ठेवला. जे पूर्वी नाक्यावर हक्काने येत होते ते आता समारंभात स्वीकारायचे.

जकात फार न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. नाक्यावरचा भ्रष्टाचार मी जवळून पाहिला आहे. तेथील नेमणुकीसाठी काय मोजावे लागे हेही ठाऊक आहे. पण ती गेल्यानंतर सभागृहाचा स्वभाव बदलला हे खरे. स्वतःचा पैसा असताना सदस्य एकमेकांशी भांडत. पैसा वरून येऊ लागला तसे ते वरच्यांच्या मागे धावू लागले. कोणत्या आमदाराच्या शिफारशीने कोणता निधी आणला याचे फलक लागू लागले. वरून येणाऱ्या पैशावर लेबलही लावलेले असते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी, दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांना बांधून दिली आणि ४० टक्के मोकळी ठेवली. या बांधणीला माझा विरोध नाही. पाणी आणि संडास हे आपलेच प्रश्न आहेत. पण स्वच्छतेच्या नावाने आलेला पैसा कोणत्या गल्लीत उतरतो हे पुन्हा सभागृहच ठरवते, आणि सभागृहात आपण 'बस खाली' या स्थितीत असतो.

येथे एका शब्दाविषयी लिहिले पाहिजे. तो शब्द 'करदाते'. आमच्या सभेत एका ज्येष्ठ सदस्याने मला ऐकवले होते, "तुमच्या वस्तीत घरपट्टी भरणारी घरे किती? करदात्यांच्या पैशावर किती दिवस सुविधा मागणार?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. घरी आलो, आईने चुलीपुढे गुळाचा चहा केला होता, आणि उत्तर तिथे होते. तो गूळ जकात नाक्यावरून आला होता. साबण आला होता, पातळ आले होते, पत्रा आला होता. ज्याचे घर पालिकेच्या आकारणी यादीत नाही तोही नाक्यावरचा कर दुकानदाराच्या किमतीतून रोज भरत होता. आज वस्तू व सेवा कर तसाच भरतो, आणि भरपाई म्हणून पालिकेकडे येते ती त्याच करातली. शिवाय वस्तीतली घरे आकारणी यादीत नसतात ती पालिकेने नोंद केली नाही म्हणून; नोंद केली तर नळजोडणी मागतील, ही भीती असते. पावती दिली नाही ती पालिकेने, आणि फुकटे ठरलो आम्ही. या उत्तराला पुढच्या सभेत संधी मिळाली नाही. विषयपत्रिकेत तो विषयच नव्हता.

सफाईचे काम पाहा. सफाई कामगार कायम नोकरीत असला की त्याचा पगार आस्थापना खर्चात दिसतो. आस्थापना खर्चाची टक्केवारी वाढली म्हणून शासन भरतीला परवानगी देत नाही. मग तेच काम कंत्राटाने दिले जाते. माणूस तोच, झाडू तोच, रस्ता तोच. फक्त तो आस्थापनेच्या ओळीतून उठून 'घनकचरा व्यवस्थापन ठेका' या ओळीत जातो. ओळ बदलली की रजा गेली, भविष्य निर्वाह निधी गेला, आजारपण त्याचे त्याच्याजवळ राहिले. अंदाजपत्रकात याला काटकसर म्हणतात. गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. आपल्या गावच्या अंदाजपत्रकात यंत्र, हातमोजे, बूट यांसाठी किती धरले आणि किती खर्चले हे कोणी विद्यार्थ्याने तपासून पाहावे. पीएच.डी. साठी विषय मिळत नाही असे मुले म्हणतात, म्हणून सुचवतो.

सभागृहातल्या सभ्यतेला आपल्याकडे जुना इतिहास आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे शासननियुक्त सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय येणार म्हणून शहर सजवण्यासाठी १ हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. जोतीरावांचे म्हणणे, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा. मतदान झाले तेव्हा बत्तीस जणांत विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले. पाहुण्याच्या स्वागताला नाही म्हणणे हे तेव्हा किती असभ्य वाटले असेल याची कल्पना करा. ते ना ओरडले, ना सभात्याग केला. एका शीर्षावरचा पैसा दुसऱ्या शीर्षावर न्या, एवढेच म्हणाले, आणि आपले मत नोंदवले. अंदाजपत्रकावर बोलण्याची आपली परंपरा एवढी जुनी आहे.

महाड आपल्याला पाठ आहे. पण महाडकडे पालिकेच्या कारभाराचे प्रकरण म्हणून आपण क्वचित पाहतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली करावीत. ठरावाचा आधार पाहा. तो दयेवर उभा नव्हता, सार्वजनिक पैशावर होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. कागदावर. तळ्यावर कोणी अस्पृश्य फिरकू शकला नाही. १९२६ मध्ये बोल्यांनी पुढचा ठराव आणला की जी नगरपालिका वा लोकल बोर्ड हे अमलात आणणार नाही, तिचे अनुदान बंद करावे. म्हणजे सभ्य ठरावाला अनुदानाची वेसण लावल्याशिवाय तो चालत नाही, हे त्या भल्या माणसाला तीन वर्षांत कळून चुकले होते. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. मारहाण झाली. पाणी 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी तळ्यात ओतल्या गेल्या. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. रीतसर सभा, रीतसर ठराव. दंगल रस्त्यावर झाली. हक्क काढून घेतला तो सभागृहात बसून. कोर्टाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला.

बाबासाहेबांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ सालचा. म्हणजे महाडला जो माणूस तळ्यावर गेला तो सरकारी तिजोऱ्यांचे परस्परसंबंध तपासून मग गेला होता. आपण जयंतीला तळ्याचे चित्र लावतो. ग्रंथाचे नाव फार थोड्या फलकांवर दिसते.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. १९९८ च्या अर्थसंकल्पीय सभेत मला दिसले की वस्तीच्या गटारीसाठी धरलेली रक्कम सुधारित रकान्यात शून्य झाली आहे. मी उसळलो. अंदाजपत्रकाची प्रत पीठासनाच्या दिशेने भिरकावली. सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी स्थानिक पत्रात ठळक बातमी: 'नगरसेवकाचे सभागृहात अशोभनीय वर्तन'. गटारीचा उल्लेख नव्हता, रकमेचा नव्हता. गावात आठ दिवस चर्चा माझ्या वर्तनाची झाली. वस्तीतल्या पोरांनी मला खांद्यावर घेतले, आणि मलाही ते आवडले. नंतर मी दप्तर काढून पाहिले तेव्हा कळले की ती रक्कम वर्षाच्या मध्येच, एका मासिक सभेत, ऐनवेळच्या विषयात 'शीर्ष बदल' म्हणून दुसऱ्या कामाकडे वळवली गेली होती. इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' असे लिहिले होते. उपस्थितांच्या यादीत माझी सही होती. मी त्या सभेत होतो. 'मंजूर, मंजूर' म्हणणाऱ्यांत माझाही आवाज असणार. अजून ते आठवले की मान खाली जाते.

आपल्या चळवळीने याचा विचार करायला हवा. टेबलावर चढणे, माईक तोडणे, कागद फाडणे यांना आपण आक्रमकता म्हणतो. माणूस पिढ्यान् पिढ्या दाबला गेला की त्याचा स्फोट होतो, हे मला कोणी समजावून सांगायला नको. पण सभागृहात त्या स्फोटाचा फायदा कोणाला झाला? ज्याला आकड्यावर उत्तर द्यायचे नव्हते त्याला. त्याला माझ्या रागाने सुट्टी दिली. आणि आमच्यातले काहीजण तर राग आधी दाखवून नंतर बंद खोलीत ठेक्यातला वाटा घेत, हेही लिहिले पाहिजे. त्यांची नावे वस्तीला ठाऊक आहेत.

खरी सभ्यता काय असते हे मला आमच्याच एका सदस्याने शिकवले. त्या महिलांच्या राखीव जागेवरून आल्या होत्या. त्यांची सासू त्याच पालिकेत झाडूवाली होती. शिक्षण चौथीपर्यंत. पहिली दोन वर्षे त्या मागच्या खुर्चीत पदर सावरून बसत. शिपाई वही पुढे करी, त्या सही करीत. काही विचारले तर "बाई, यजमानांना पाठवा" असे उत्तर मिळे. माझ्या प्रकरणानंतरच्या एका सभेत नेहमीप्रमाणे सचिवाने चाळीस विषय भरभर वाचायला घेतले. "विषय क्रमांक एक, मंजूर. दोन, मंजूर." त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मला वाचता येतं पण लवकर येत नाही. विषय सावकाश वाचा. पैसे कुठले, कुठे चाललेत, तेवढं सांगा. समजल्याबिगर मी मंजूर म्हणणार नाही."

कोणी हसले. कोणी म्हणाले, "ताई, वेळ जातो." त्या म्हणाल्या, "माझी सही जाती, वेळ जाऊ द्या." त्यांनी आवाज चढवला नाही. प्रत्येक विषयाला उभ्या राहिल्या, प्रत्येक वेळी हात जोडले. एरवी वीस मिनिटांत उरकणारी सभा संध्याकाळपर्यंत चालली. एका विषयात नळाच्या तोट्यांची खरेदी होती. त्यांनी विचारले, "किती तोट्या? कुठल्या नळांना बसवल्या?" अभियंता कागद चाळू लागला. विषय पुढे ढकलला गेला. त्या सभेत असे सहा विषय पुढे ढकलले गेले. त्यानंतर विषयपत्रिकेबरोबर टिपणी जोडून देण्याची पद्धत आमच्याकडे पडली. निदान आमची मुदत संपेपर्यंत ती टिकली. वस्तीला त्या वर्षी अकरा खांब मिळाले. गटार अर्धीच झाली.

त्यांच्या त्या दिवसाच्या वागण्यालाही काहींनी असभ्यच म्हटले. सदस्यांचा खोळंबा केला, अधिकाऱ्यांचा अपमान केला, असे. ज्या सभागृहात पाणी पाजणारा शिपाई आमच्या दोघांच्या ग्लासांना हात न लावता पुढे जात असे, तेथे तोट्या मोजणे हा अपमान ठरला.

नंतर प्रभागाचे आरक्षण बदलले, त्यांची जागा गेली, माझीही गेली. पुढची सभागृहे मी प्रेक्षकांच्या बाकावरून पाहिली. २०२१-२२ नंतर तर पाहायलाही काही राहिले नाही. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात अडकले आणि राज्यातल्या बहुतेक पालिकांवर प्रशासक बसले. मुंबईचे २०२५-२६ चे ७४,४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक निवडून आलेल्या एकाही सदस्याच्या चर्चेशिवाय मंजूर झाले. मांडणारी आणि मंजूर करणारी यंत्रणा एकच. आमच्या छोट्या गावीही तेच. कोणी कागद फेकला नाही, कोणी खाली बस म्हटले नाही, सभागृह इतके सभ्य कधीच नव्हते. खुर्च्यांवर धूळ होती. त्या तीन-चार वर्षांची अंदाजपत्रके मी माहिती अधिकारात मागून घेतली. आता छापखान्यातली बांधलेली जुळणी नाही, संगणक आहे. पण वस्तीच्या ओळीपुढे सलग तीन वर्षे एकच आकडा आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. आमच्या प्रभागातून एक पदवीधर मुलगी निवडून आली. परवा ती घरी आली. मोबाइलवर अंदाजपत्रक घेऊनच आली होती; तिला भाषण लिहून हवे होते, बाबासाहेबांच्या नावाने सुरू होणारे, जोरदार. मी म्हटले, भाषण नंतर लिहू, आधी प्रश्न लिहून दे. सभेच्या आधी मुख्याधिकाऱ्यांकडे दे आणि पोच घे. ती लिहायला बसली, मी सांगत गेलो. मागासवर्गीय कल्याणाची ५ टक्के रक्कम कोणत्या उत्पन्नावर काढली, त्यातून आधी काय वजा केले? गेल्या तीन वर्षांत या शीर्षातून प्रत्यक्ष खर्च किती, आणि तो कोणत्या महिन्यात? या शीर्षातून दुसरीकडे वळवलेली रक्कम किती, त्या ठरावाचा क्रमांक काय? सफाईच्या ठेक्यात कामगार किती, त्यांचा भविष्य निर्वाह निधी भरल्याच्या पावत्या कोठे आहेत? आणि माझे मत विरोधी असल्यास ते माझ्या नावासह इतिवृत्तात नोंदवावे.

पाचवा मुद्दा लिहून झाल्यावर तिने विचारले, "काका, ते मला अगंतुगं करून बोलले तर?" मी म्हटले, तू 'सन्माननीय अध्यक्ष महोदय' म्हणूनच बोल, आणि प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाच.